पान बेचाळीस

एक्केचाळिसाव्या पानापर्यंत पुस्तक अगदी नवं होतं. म्हणजे तसं ते जुनंच, वाचनालयाचं, खाकी कव्हर घातलेलं, कोपरे मऊ पडलेलं. पण रत्नप्रभाला नवं. तीन बहिणी, एक बंद पडलेली खानावळ आणि धाकटीनं पदराला बांधून ठेवलेली एक किल्ली. अशा कादंबऱ्या तिला मनापासून आवडत. दुपारचे तीन वाजले होते, खाली भंगारवाला ओरडून गेला होता, चहाला अजून अवकाश होता. किल्ली कशाची असेल याचा अंदाज बांधत, आपण लेखिकेपेक्षा हुशार आहोत असं वाटून मनातल्या मनात सुखावत तिनं पान उलटलं, आणि खाली बेचाळीस या आकड्याशेजारी तिला तिचीच टिकली दिसली.

टिकली म्हणजे पेन्सिलीनं काढलेलं मुगाएवढं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध एक ठिपका. ही तिची खूण. चारकोपच्या त्या वाचनालयातल्या जुन्या वाचकांची ही जुनी खोड होती. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून प्रत्येकानं आपलं एक पान ठरवलेलं असतं आणि त्या पानावर आपली एक गुपचूप खूण. कुणी पंचविसाव्या पानावर फुली मारतं, कुणी शेवटच्या पानावर नुसती रेघ ओढतं, आणि सेक्टर तीनमधले एक निवृत्त मास्तर तर पहिल्याच पानावर गुण देतात, दहापैकी. पुस्तक निवडताना सगळे कपाटाकडे तोंड करून हळूच आपापलं पान बघून घेतात. विचारलं तर कुणी कबूल होत नाही. रत्नप्रभाचं पान बेचाळीस, कारण लग्न होऊन ती परळच्या ज्या चाळीत आली तिथल्या खोलीचा नंबर बेचाळीस होता. कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. नवऱ्यालासुद्धा तिनं कधी सांगितलं नव्हतं. टिकली ती पुस्तक संपल्यावरच काढी, आधी नाही. त्या बाबतीत ती फार काटेकोर होती. या वेळी कपाटापुढे उभी असताना शेजारच्या बाईंनी बोलण्यात गुंतवलं आणि पान बघायचं राहून गेलं, एवढंच.

म्हणजे हे पुस्तक तिनं वाचलेलं होतं. सगळं. शेवटपर्यंत. आणि तिला त्यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. ती पाच पानं मागे गेली, दहा पानं पुढे गेली. खानावळ, बहिणी, किल्ली, सगळं अनोळखी. स्मरणशक्तीचा तिला भारी ताठा होता. चाळीत असताना वाचलेलं सापांवरचं पुस्तक ती अजून धडाधड सांगू शकत असे, कुठला विषारी, कुठला बिनविषारी, कुठला नुसताच फुसकारतो. चाळीस वर्षांपूर्वी वाचलेल्या कादंबरीतल्या मोलकरणीचं नाव तिच्या जिभेवर असे. आणि आता हे. सासूबाईंचं शेवटी असंच झालं होतं. रोज सकाळी चहा घेताना त्या सुनेला कौतुकानं विचारायच्या, तू कोणाची गो? रत्नप्रभा खुर्चीतच सरसावून बसली आणि तिनं स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. काल रात्री काय जेवलो, पडवळाची भाजी. गॅसवाल्याचं नाव, आकाश. सगळं जागेवर होतं. फक्त तीनशे पानं नव्हती.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच ती पायरीवर जाऊन उभी राहिली. शकु गेली सव्वीस वर्षं त्या टेबलामागे बसत होती. पुस्तकांवर कोण काय खुणा करतं हे तिला सगळं माहीत होतं, आणि रागही होता.

"शकु, हे पुस्तक मी आधी कधी नेलं होतं ते बघ जरा."

"का? पानं फाटलीत? मी नाही हां फाडली."

"नाही गं. बघ ना तू."

शकुनं जुनी कार्डं काढली, बोट फिरवत खाली खाली गेली आणि एका ओळीवर थांबली. तिचा आवाज बदलला. "फेब्रुवारीत, काकी. दोन वर्षं झाली. काका घरी होते ना, तेव्हा." एवढं बोलून ती उगीचच टेबलावरची धूळ पुसायला लागली. रत्नप्रभाला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हायसं वाटलं. डोकं ठीक होतं. आणि मग, घरी परतताना, मेट्रोच्या खांबांच्या सावलीतून चालताना, त्या हायशा वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की ती एका बंद दुकानाच्या फळीवर बसूनच राहिली.

पाच आठवडे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता घरी घेऊन जा, इथे ठेवून काही उपयोग नाही. नवऱ्याची, विद्याधरची खाट तिनं बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावली, शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि खुर्चीत बसून ती वाचत राहिली. लोक म्हणायचे, काय सेवा केली बाईनं, हलली नाही खुर्चीवरून. खरंच हलली नव्हती. औषधं वेळेवर दिली, अंग पुसलं, मऊ भात भरवला, आणि मधल्या सगळ्या वेळात पुस्तक डोळ्यांसमोर धरून बसली. आठवड्याला दोन पुस्तकं. त्यातलं एकही तिच्यात उतरलं नाही हे आज कळत होतं. मग ती काय करत होती? तिला उत्तर ठाऊक होतं. लहान मूल भीती वाटली की डोळ्यांवर हात घेतं, तसं तिनं पुस्तक घेतलं होतं.

पण एवढंच नव्हतं, आणि ते उरलेलं कबूल करायला तिला दोन वर्षं लागली. तिला राग आला होता. विद्याधर हा तीस वर्षं न बोललेला माणूस. वाईट नव्हे, कुणीही त्याला वाईट म्हटलं नसतं. चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचा. साडेसहाला घरी यायचा, हातपाय धुवायचा, आणि मग त्याच्या तोंडून जे काही निघायचं ते मीठ, पंखा आणि दिवा या तीन विषयांवर. परळच्या खोलीत सासूसासरे, दीर आणि हे दोघं. तिथे नवराबायकोनं बोलायचं तरी कुठे? तिनं स्वतःची समजूत घातली होती की जागा मिळाली की बोलेल. गिरणी गेली, सासरे गेले, चारकोपला दोन खोल्यांची जागा झाली, दार लावता येऊ लागलं. पण बोलायची सवयच लागली नव्हती. पहिले काही महिने ती जेवताना त्याच्या तोंडाकडे बघत असे. मग एक दिवस ती वाचनालयाची सभासद झाली.

आणि मग काय काय तिनं वाचलं! चारकोपच्या नळाला पाणी नसायचं त्या उन्हाळ्यात ती जगभरच्या वाळवंटांचं पुस्तक वाचत होती, आणि हंडा घेऊन रांगेत उभी असताना उंटाच्या काटकपणाचा विचार करत होती. एका परिचारिकेचं आत्मचरित्र वाचून तिला आठ दिवस जेवण गेलं नाही. मधमाशा नाचून एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात हे वाचलं तेव्हा तिनं उत्साहानं ते नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "असं?" आणि कूस बदलली. माश्यासुद्धा सांगतात, असं ती पुढे म्हणणार होती, ते राहिलं. कादंबऱ्यांतली माणसं मात्र तिच्याशी बोलत. त्यांच्या मनात काय चाललंय ते स्पष्ट छापलेलं असे. फसवणारे नवरे, पळून जाणाऱ्या मुली, पस्तावलेले बाप, सगळे कसे मन मोकळं करत. चरित्रं, प्रवास, रहस्यकथा, बागेतल्या किडींचा नायनाट, काहीही. तिला वर्ज्य असं काही नव्हतं. लोकांच्या घरी बोलणं असतं, तिच्या घरी पुस्तकं होती, आणि हळूहळू तिला त्याचंही काही वाटेनासं झालं. वाटेनासं झालं म्हणजे काय, ती सुखी झाली.

आणि मग खाटेवर पडल्यावर हा माणूस बोलायला लागला. पहिल्याच आठवड्यात. उशीवर मान वळवून त्यानं विचारलं, "काय म्हणता गो तुझा पुस्तक?" गावची बोली त्याच्या तोंडात वर्षानुवर्षं आली नव्हती, ती आता सगळी वर आली होती. तिनं दचकून पाहिलं. "काही नाही. आपलं नेहमीचंच," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो लहानपणी सुट्टीत पाहिलेल्या गावच्या खाडीबद्दल बोलला, होडीतून पलीकडे जाताना आईनं त्याच्या कमरेला घट्ट बांधलेल्या लुगड्याच्या काठाबद्दल. मग एका ड्रॉइंगमध्ये त्याच्या हातून झालेल्या चुकीबद्दल, जी त्यानं कुणाला कधीच सांगितली नव्हती. बोलताना दम लागायचा, मध्ये मध्ये थांबायचा, पण थांबून पुन्हा बोलायचा. आणि ती पानावर बोट ठेवून ऐकायची. बोट कधी काढलं नाही. आता? तिला ओरडावंसं वाटायचं. आता सुचतंय? तीस वर्षं मी तोंडाकडे बघत बसले होते तेव्हा कुठे होता तुम्ही? आणि शिवाय, त्याचं बोलणं नीट ऐकायचं म्हणजे ते शेवटचं आहे हे मान्य करायचं. ते तिला करायचं नव्हतं. म्हणून ती हं हं करी आणि नजर पुन्हा ओळीवर नेई.

शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी तो काहीतरी म्हणाला. छोटंसं नव्हे, चांगलं लांबलचक, दोन-तीन वाक्यांचं, शेवटी आवाज वर गेलेला, म्हणजे प्रश्न असावा. ती पान वाचत होती. "एवढं पान होऊ दे हां," ती म्हणाली. पान झालं. "काय म्हणत होतात?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "काय नाय. होऊ दे तुझा." मग ती पुस्तक खुर्चीवर उपडं ठेवून चहा करायला आत गेली. बुधवारी सकाळी त्याची जीभ जड झाली, डोळे उघडे पण ओळख नाही, आणि शनिवारी सगळं आटोपलं. ते वाक्य तिला आठवत नव्हतं. त्याची चाल आठवत होती. कुठे खाली गेलं, कुठे थांबलं, कुठे वर चढलं, हे सगळं ती गुणगुणून दाखवू शकली असती. फक्त शब्द नव्हते. दोन वर्षं ती चाल तिच्या कानात होती. भांडी घासताना, जिना उतरताना, मध्येच.

तर त्या बंद दुकानाच्या फळीवर बसल्या बसल्या तिला एक वेडगळ गोष्ट सुचली. वेडगळ हे तिलाही कळत होतं. कानांनी ते वाक्य ऐकलं होतं, यात शंका नाही. मन तेवढं पानावर होतं. मग ते वाक्य त्या पानापाशीच कुठेतरी पडलेलं असणार. ते पान पुन्हा वाचलं, तसंच, त्याच खुर्चीत, दुपारच्या त्याच वेळी, तर ते उठून येईल. पण पान कुठलं? पुस्तक कुठलं? तिला पुस्तकच आठवत नव्हतं. ती तशीच उलट पावली वाचनालयात गेली.

"शकु, त्या पाच आठवड्यांत मी काय काय नेलं होतं त्याची यादी दे मला."

"कशाला काकी? झालं गेलं."

"दे गं."

शकुनं बराच वेळ घेतला. कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, रत्नप्रभाकडे एकदा बघितलं, आणि मग एका चिठ्ठीवर आठ पुस्तकं लिहून दिली. "सगळी आहेत. एक एक करून न्या. आणि खुणा करू नका आता परत, बास झाल्या."

लेकीनं, निधीनं पुण्याहून फोनवर ऐकलं तेव्हा ती चिडली. "आई, तू वेडी आहेस का? बाबा काय बोलले असतील असं? पंखा बारीक कर म्हणाले असतील."

"मग तेच आठवू दे की मला," रत्नप्रभा म्हणाली. "पंखा तर पंखा."

निधीनं वाचनालयाचा फोन नंबर तेवढा मागून घेतला.

तीन बहिणींची कादंबरी तिनं पूर्ण केली. किल्ली कशाचीच नव्हती. धाकटीला नुसती सापडली होती आणि आपल्यापाशी काही आहे एवढं दाखवायला तिनं ती बांधली होती. रत्नप्रभाला ते फार आवडलं, आणि दोन वर्षांपूर्वी हेच वाचून आपण कोरडे कसे राहिलो याचं नवल वाटलं. विद्याधरचा मात्र मागमूस नाही. दुसरं पुस्तक समुद्री पक्ष्यांवरचं होतं. काही नाही. तिसरी रहस्यकथा, भिकार. खुनी कोण हे दहाव्या पानावर कळत होतं. पण त्या भिकार रहस्यकथेच्या अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, इन्स्पेक्टर गच्चीचं कुलूप तोडत असताना, डेटॉलचा वास आला. खोलीत डेटॉल नव्हतं. आणि त्याचा आवाज आला, स्पष्ट, "पाणी नको, ओठ तेवढे ओले कर." वेडगळ असो की काही असो, गोष्ट खरी होती. पानात खरंच काहीतरी अडकून राहिलं होतं.

मग तिला धीर धरवेना. दुपारी दोनला ती खुर्ची खिडकीशी लावून बसायची. खाट केव्हाच देऊन टाकली होती, तिथे आता नुसती फरशी होती आणि खाटेच्या पायांचे चार फिकट डाग. पुस्तकामागून पुस्तक. एका गायकाच्या चरित्रात, त्याचं पोर दगावतं त्या पानावर, तिला आठवलं की विद्याधरनं तिचा हात धरला होता आणि तिनं पान उलटायला तो सोडवून घेतला होता. हे आठवलं नसतं तर बरं झालं असतं. पण आलं ते घ्यायचं. दुष्काळावरच्या एका जाडजूड अभ्यासात, आकड्यांच्या तक्त्यांमध्ये, तो हसला होता. कशाला ते कळलं नाही, नुसतं हसू. सहाव्यात काही नाही. सातव्यात खिडकीवर बसलेला एक कावळा आणि त्याला हुसकावणारा विद्याधरचा हात, मनगट केवढंसं झालेलं. आठवं तिनं मुद्दाम पुरवून पुरवून वाचलं. रोज दहा पानं. शेवटच्या पानाशी आली तेव्हा तिचे डोळे वाचायच्या आधीच भरून आले होते, कारण उरलेल्या ओळी किती आहेत हे दिसत होतं. तिथेही ती चाल नव्हती. टिकली बेचाळीसवर, आपल्या जागी, आणि बाकी छापील शब्द.

पुस्तक परत करायला गेली तेव्हा तिनं ते टेबलावर ठेवलं आणि पुढचं निवडायला गेली नाही. तशीच उभी राहिली. शकुनं खाली घातलेली मान वर केली.

"नाही सापडलं?"

रत्नप्रभानं मान हलवली. आपण काय शोधतोय हे शकुला कधी सांगितल्याचं तिला आठवेना. निधीनंच फोन केला असणार.

शकुनं ड्रॉवर उघडला, बंद केला. "काकी, एक आहे अजून. नववं. मी लिहिलं नव्हतं तुम्हाला."

"का?"

"तुमच्याकडेच आहे ते. परत आलंच नाही. मी मागितलं नाही, म्हटलं जाऊ दे." ती घाईघाईनं बोलली, चोरी कबूल केल्यासारखी. "यादीत लिहिलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं ना. मोजणीदाराच्या आठवणी आहेत, पातळसं. तुम्हीच म्हणालात, ह्यांना ऐकायला आवडेल कदाचित, म्हणून नेलं होतंत."

ऐकायला. रत्नप्रभाला ते वाक्य अजिबात आठवत नव्हतं, पण शकु कशाला खोटं बोलेल? म्हणजे वाचून दाखवायच्या इराद्यानं आणलं होतं. आणि दाखवलं नव्हतं.

पुस्तक माळ्यावरच्या नायलॉनच्या पिशवीत होतं. दवाखान्याच्या फायली, काळे एक्स-रे, न वापरलेल्या सुया, आणि त्यांच्यामध्ये ते, खाकी कव्हरातलं. त्या शनिवारनंतर कुणीतरी त्या खोलीतलं आजारपणाचं सगळं गोळा करून एका पिशवीत भरलं होतं आणि ती पिशवी पुन्हा कुणी उघडली नव्हती. अठ्ठाविसाव्या आणि एकोणतिसाव्या पानाच्या मध्ये गोळ्यांची रिकामी पट्टी होती. तिची वाचनखूण. मंगळवारची. म्हणजे पान अठ्ठावीस. 'एवढं पान होऊ दे हां' म्हटलेलं, ते.

तिनं लगेच उघडलं नाही. स्टुलावरून उतरली, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारची वाट बघितली. दोन वाजता खुर्ची लावली. पहिल्या पानापासून सुरुवात केली, मध्येच उडी मारणं तिला बरं वाटेना. मोजणीदार मोठा गोड माणूस होता. साखळी खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचा, लोकांच्या बांधांची भांडणं मिटवायचा, आणि कुठल्या गावात कुणी काय जेवायला घातलं ते तारीखवार लिहायचा. अठ्ठावीस पान आलं. पावसाळ्यानंतर बुजलेल्या हद्दीच्या खुणा पुन्हा शोधण्याबद्दल काहीतरी होतं. तिनं ते वाचलं. चाल आली, अगदी जवळ, खाली गेली, थांबली, वर चढली. शब्द आले नाहीत. तिनं पुन्हा वाचलं. ओठ हलवून वाचलं. मोठ्यानं वाचलं. पुन्हा तीच चाल, आणि आत काही नाही. चार वेळा वाचून झाल्यावर तिला कळून चुकलं की ते वाक्य गेलं. ते पानात नव्हतं, तिच्यात नव्हतं, कुठेच नव्हतं. ऐकलंच नव्हतं तर राहणार कुठून?

ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली, दोन वर्षांत रडली नव्हती तेवढी. मग तोंड पुसून, दुसरं काय करायचं ते न सुचून, पुढे वाचायला लागली. वाचकाची जात ती. शिवाय मोजणीदार एका डोंगरवाडीवर अडकला होता आणि त्याची शिधासामग्री संपली होती. एकतीस, चौतीस, अडतीस. एका म्हातारीनं त्याला नाचणीची भाकरी आणि सुकं खोबरं दिलं. चाळीस. एक्केचाळीस. तिनं पान उलटलं.

बेचाळीस. आकड्याशेजारी टिकली होती.

म्हणजे हेही वाचलंय? पण पट्टी अठ्ठावीसला होती. संपल्याशिवाय ती टिकली काढत नसे, कधीच नाही. सासूबाईंचा चेहरा समोर आला. मग तिनं पुस्तक उजेडात धरलं. ही टिकली तिची नव्हती. तिचं वर्तुळ नेहमी एका बाजूनं चेपलेलं असायचं. हे गोल होतं, ड्रॉइंगवाल्याच्या हातचं, फक्त रेघ कापत गेली होती. मधोमध ठिपका. आणि त्याच्याखाली, आधी दोन फिकट आडव्या रेघा आखून घेऊन, त्या रेघांत नीट बसवलेली सरळ उभी अक्षरं. मोजायला लागल्यासारखी ती एकेक अक्षर वाचत गेली.

इथवर आलीस की हाक मार. जागा आहे मी.

चहा करायला ती आत गेली होती. पुस्तक खुर्चीवर उपडं होतं, तिची पेन्सिल नेहमीसारखी त्यातच. खाटेवरून खुर्चीपर्यंत हात पोचवायला त्याला किती वेळ लागला असेल? रेघा आखायला? आणि टिकली त्याला माहीत होती. पान माहीत होतं. बेचाळीस नंबरच्या खोलीत तर तो जन्मला होता. पुस्तकाच्या कोपऱ्यात तो आकडा दिसल्यावर त्याला कळायला कितीसा वेळ? इतकी वर्षं तिच्या उशाशी पडलेली पुस्तकं तो कधीतरी उघडून बघत होता तर. काही न बोलता.

आणि मग तिला मंगळवारची संध्याकाळ आठवली. ती तिला नेहमीच आठवत असे, कारण त्या पाच आठवड्यांतली तेवढी एकच गोष्ट तिच्या खात्रीची होती. दुपारच्या त्या "होऊ दे तुझा"नं तिला खजील केलं होतं, म्हणून दिवेलागणीनंतर तिनं पुस्तक हातात घेतलंच नाही. त्याचे पाय चेपत बसली. तो पुन्हा पुन्हा खुर्चीकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "आज वाचूचा नाय?" तिला तो टोमणा वाटला. "नाही हो," ती म्हणाली, "आज तुमच्याजवळ बसते." आणि पानात गोळ्यांची पट्टी घालून पुस्तक तिनं लांब, टीव्हीवर ठेवून दिलं. तो काहीतरी सांगायला गेला आणि मग सांगितलं नाही. नुसता हसला. तिनं ते हसू दोन वर्षं समाधानाचं म्हणून जपून ठेवलं होतं. फक्त तेरा-चौदा पानं होती. अर्धा तास. वाचत बसली असती तर पोचली असती.

खाली भंगारवाल्याची गाडी आली आणि गेली. समोरच्या फरशीवर ते चार फिकट डाग होते. रत्नप्रभानं पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं, पानावरचं बोट काढलं.

"अहो," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, आतल्या खोलीतही ऐकू जाईल असं: "अहो, आले मी इथवर."